कललेली पण स्थिर

"सर, हिला सरळ केलं कोणी?" जेसामायने विचारलं.

बेचाळीस मुलांच्या वर्गात अकरा टॅबलेट होते, म्हणजे चार-चार डोकी एकेका पडद्यावर. पडद्यावर एक फळी, मधोमध तिचा टेकू. बोटाने विटा उचलायच्या आणि फळीवर ठेवायच्या. डावीकडे टेकूपासून दोन मीटरवर दहा किलोची वीट ठेवली, तर उजवीकडे वीस किलोची एक मीटरवर ठेवायची. वजन गुणिले अंतर दोन्हीकडे सारखं आलं की फळीला फिरवणारा जोर उरत नाही. पुस्तकात या जोराला आघूर्ण म्हणतात. गुंबान सरांच्या जिभेवर तो शब्द अजून नीट बसला नव्हता. ते मुळात सुतारकामाचे शिक्षक. नऊ महिन्यांपूर्वी त्यांची बायको, फेलिसिदाद मॅडम, वारली. बेटावरच्या या शाळेला दुसरा विज्ञानाचा शिक्षक मिळेना, तेव्हा मुख्याध्यापकांनी तिचे तास यांच्या गळ्यात घातले. तिच्या वह्या, तिचे टॅबलेट, तिची खुर्ची. खुर्चीवर मात्र ते बसत नसत.

"कोणी केलं म्हणजे काय? तोल झाला, फळी सरळ झाली."

"तसं नाही सर. आधी मी डावीकडेच वीट ठेवली, फळी खाली टेकली. मग उजवीकडे बरोबरीची वीट ठेवली. आता दोन्हीकडचा जोर सारखा. म्हणजे फिरवणारं कोणी उरलंच नाही ना? मग ही वर आली कशी? हिने होती तिथेच राहायला पाहिजे."

"भूत!" मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं. वर्ग हसला, आणि लगेच गप्प झाला. सरांच्या सदऱ्यावर डाव्या बाजूला सुतकाची काळी पिन होती. ती वर्षभर लावायची असते.

"आमची होडी नाही अशी सरळ होत," जेसामाय म्हणाली. "काल दोन माणसांचा वारा होता. होडी कलली, आणि तशीच कललेली पार बंदरापर्यंत आली. सरळ झाली नाही आणि उलटलीही नाही."

त्या किनाऱ्यावर वारा माणसांत मोजतात. शिडाची होडी कलायला लागली की तोल धरायला माणसाने उलांडीवर, म्हणजे होडीच्या बाजूला बाहेर बांधलेल्या लाकडावर, जाऊन बसायचं. एकाने भागलं तर एक माणसाचा वारा, दोघांना जावं लागलं तर दोन माणसांचा. तीन माणसांच्या वाऱ्यात शहाणा माणूस घरी बसून जाळं विणतो. गुंबान सरांचे वडील होड्या बांधायचे. पोरगी काय म्हणते ते सरांच्या पाठीला आणि मांड्यांना लगेच कळलं, डोक्याला कळेना.

"उद्या सांगतो," ते म्हणाले.

उद्याचे नऊ दिवस झाले. सुतारशाळेत त्यांनी हाताएवढी फळी घेतली, सगळीकडून सारखी रंधली, आणि मधोमध पण वरच्या कडेशी गिरमिटाने भोक पाडून खिळ्यावर अडकवली. तिरकी करून सोडली की ती डुलत डुलत सरळ व्हायची, पडद्यावरच्यासारखी. मग त्यांनी दुसरी फळी घेतली आणि भोक बरोबर गाभ्यात पाडलं, रुंदीच्याही मधोमध, उंचीच्याही. ही फळी जशी सोडावी तशी राहायची. सरळ ठेवली तर सरळ, तिरकी ठेवली तर तिरकी, उभी केली तर उभी. दोन्ही टोकांना सारखी वजनं खिळली तरी तेच.

त्यांनी ती वर्गात नेली, तिरकी करून सोडली आणि म्हणाले, "जेसामायचं बरोबर आहे. जोर सारखे असले की फळी फिरायला सुरुवात करत नाही, एवढंच. ती सरळ असली पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. पडद्यावरची फळी ज्याने बनवली त्याला ती सरळ झालेली आवडली, म्हणून ती सरळ होते. लिहून घ्या. कललेली असली तरी स्थिर असेल, तर जोर सारखे."

मुलांनी लिहून घेतलं.

फेब्रुवारीत सामुद्रधुनीपलीकडच्या निवासी विज्ञान शाळेची प्रवेश परीक्षा झाली. जागा तीस. बेटावरून अजून कोणी तिथे गेलं नव्हतं. यादी लागली तेव्हा जेसामाय एकतिसावी होती, एका गुणाने. तिचा बाप इलियास मासेविक्री अर्धवट टाकून थेट शाळेत आला, हातापायाला खवले तसेच. "चला, जवळ तरी पोचली," असं म्हणत हसला आणि सरांना दोन मोठे मासे देऊन गेला. पोरगी त्याच्यामागे उभी होती. ती हसली नाही. ती एवढंच म्हणाली, "सर, मला माझा पेपर बघायचाय."

हरकत घ्यायला आठ दिवसांची मुदत होती. दुसऱ्या दिवशी सर पहिल्या बोटीने पलीकडे गेले.

परीक्षेचं काम पुरिंग मॅडमकडे होतं. त्या फेलिसिदादच्या, सरांच्या फेलीच्या, कॉलेजातल्या मैत्रीण, सरांच्या लग्नात तिच्या झग्याचा घोळ धरून चाललेल्या. त्यांनी सरांना बसवलं, कॉफी मागवली, पिनेकडे बघून डोळे पुसले आणि पेपर काढून दिला.

सर प्रश्न सतरावर थांबले. चित्रात टेकूवरची फळी, डावीकडे कललेली, दोन्ही टोकं हवेत. खाली लिहिलेलं: ही फळी स्थिर आहे. दोन्ही बाजूंच्या आघूर्णांबद्दल काय म्हणता येईल? जेसामायने लिहिलं होतं, 'समान.' त्यावर लाल फुली. उत्तरसूचीत होतं, 'डावीकडचे जास्त, कारण फळी डावीकडे कललेली आहे.'

"हे चूक आहे," सर म्हणाले.

"काय चूक आहे?"

"तुमचं उत्तर. फळी स्थिर आहे असं तुम्हीच लिहिलंय. डावीकडचा जोर जास्त असता तर ती फिरत खाली गेली असती. जिथल्या तिथे थांबली कशी?"

पुरिंग मॅडमने टेबलावरचा टॅबलेट पुढे ओढला, विटा ठेवल्या. "बघा. सारखे झाले, सरळ झाली. सगळ्या प्रांतात याच्यावरच शिकवतात."

"सगळ्या प्रांताला चूक शिकवता तर."

"सर, तुम्ही सुतारकाम शिकवता ना?"

"शिकवतो. म्हणून तर फळ्यांशी ओळख आहे. यांच्याशी नाही." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "गाभ्यात भोक पाडलेली खरी फळी आणून दाखवू? की बाहेर बंदरावर येता? शंभर होड्या कललेल्या दिसतील. कोणती उलटतेय ते मला दाखवा."

"आवाज खाली ठेवा."

"पोरीने डोकं चालवलं म्हणून तिचा गुण कापलात, आणि ज्यांनी पडदा पाठ केला त्यांना दिलात. आता आवाज काय खाली ठेवू? कोणी काढला हा प्रश्न? त्याला समोर आणा. कधी होडीत बसलाय का विचारतो. आणि नसेल बसला तर मुलांचे पेपर काढायला याला कोणी सांगितलं?"

पुरिंग मॅडम उठल्या. त्यांनी कपाटातून फाईल काढली, एक पान उघडून सरांसमोर ठेवलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

पान हाताने लिहिलेलं होतं. टेकूच्या त्रिकोणाखाली दोन बारीक आडव्या रेघा होत्या. तशा रेघा जगात एकच माणूस काढायचं. कोपऱ्यात नाव होतं, फे. गुंबान.

"तिने आजारपणात काढून पाठवलेले दहा प्रश्न आहेत, उत्तरांसकट," पुरिंग मॅडम म्हणाल्या. "आम्ही मुद्दाम या वर्षी घेतले. तिच्या आठवणीसाठी. आता सांगा सर, कोण चुकलं म्हणून लिहायचं?"

सर कॉफी तशीच ठेवून उठले.

परतीच्या बोटीत ते उलांडीच्या बाजूच्या फळीवर बसले. फेली कधी इथे बसली नव्हती. ती शहरातली. बावीस वर्षं बेटावर राहिली, पण बोटीत बसली की मधोमध, डोळे गच्च मिटून, आणि वाऱ्याने बोट जरा कलली की नावाड्यावर ओरडायची, "सरळ कर रे! आधी सरळ कर!" नावाडी हसायचे. मॅडम, सरळ केली तर आपण रात्री पोचू, म्हणायचे. तिच्या लेखी कललेली वस्तू म्हणजे पडायला निघालेली वस्तू. प्रश्न काढताना तिच्या डोळ्यांसमोर पडता पडता टिपलेली फळी असणार. आणि हाताने मात्र लिहिलं, स्थिर. इस्पितळाच्या खाटेवर बसून लिहिलेलं. तेव्हा तिला पेन धरायला सुद्धा उशी लागायची, आणि कागद सर धरून बसायचे. हा कागदही त्यांनीच धरला असेल. वाचला नव्हता.

संध्याकाळी इलियास आला. बातमी बोटीबरोबरच बेटावर आली होती.

"सर, सोडा आता," तो दारातूनच म्हणाला.

"काय सोडू?"

"मॅडमचा प्रश्न आहे म्हणे. वर्ष पुरं व्हायला तीन आठवडे राहिलेत. पिन उतरेपर्यंत गेलेल्या माणसाला बोल लावू नये. माझी आई सांगते, आत्म्याची वाट अडते."

"हरकतीची मुदत सोमवारी संपते, नोंग इलियास. आत्म्याला सोमवारनंतर सवड आहे, तुझ्या पोरीला नाही." नोंग म्हणजे दादा, बेटावर सगळेच एकमेकांना तसं म्हणत.

"अहो पण लोक काय म्हणतील? मासेवाल्याच्या पोरीपायी सरांनी स्वतःच्या बायकोला खोटं पाडलं! मला तोंड दाखवायला जागा राहील? माझं ऐका. मॅडमनी माझ्या तिन्ही पोरांना शिकवलंय. माझी पोरगी इथेच शिकेल."

"इथे? कोणाकडे? माझ्याकडे? मी खुर्च्या करायला शिकवणारा माणूस. वर्ष होत आलं, विज्ञानाला बाई मिळालेली नाही, पुढेही मिळायची नाही. काय शिकेल ती? खुर्ची?"

"खुर्ची काही वाईट नाही, सर."

"उठ इथून, नाहीतर भांडण होईल."

इलियास उठला नाही. तंबाखू मळत बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "ती जेवली नाही दोन दिवस. गुण गेला म्हणून नाही. मला विचारत होती, 'बाबा, आपण कललेले असतो तेव्हा पडत असतो का?' मी म्हटलं, पडत असतो तर तू जन्मली असतीस का? मी काय सांगणार दुसरं."

 सरांना राग येत होता, आणि आता तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. पुरिंगवर काढला तर तिचं प्रेम खरं होतं. इलियासवर काढला तर तो आपल्याच पोरीच्या पोटावर पाय द्यायला निघाला होता, आणि तोही मान राखण्यासाठी. फेलीवर काढावा, तर ती नव्हती. असती तर दोघं कडाडून भांडली असती, तिने ती फळी खिळ्यावर दहा वेळा फिरवून बघितली असती आणि अकराव्या वेळी म्हणाली असती, "गाढव आहे मी. पेन दे." एकदा तिने चाचणीत अर्धा गुण चुकीचा कापला, ते तिला रविवारी भात उकळताना लक्षात आलं. भात तसाच टाकून ती तीन मुलांच्या घरी चालत गेली होती, एक घर टेकडीच्या पलीकडे, आणि प्रत्येक घरी आईबापांसमोर म्हणाली होती, चूक माझी. सरांनी जळका भात खाल्ला होता.

आणि आता ती मेली म्हणून तिला चुकायची बंदी. जिवंत माणसाला चूक दुरुस्त करता येते, मेलेल्या माणसाची चूक देव्हाऱ्यात बसवायची, आणि तिच्यापुढे एका पोरीचा बळी द्यायचा. याला हे लोक मान म्हणतात.

"नोंग," ते म्हणाले, "हरकतीच्या कागदावर पालकाची सही लागते. कर."

"सर..."

"माझी बायको आहे. तिचं मी बघतो. तुझी पोरगी आहे, तिचं तू बघ. कर सही."

इलियासने सही केली. अंगठ्याला माशाचा वास होता, तो कागदाला लागला.

सोमवारी पुरिंग मॅडमने कागद वाचला. 'प्रश्नकर्त्या माझ्या पत्नी होत्या. त्यांचे उत्तर चूक आहे.' त्यांनी कागद पालथा घातला.

"मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही गेल्यावर मी पट्टीला भोक पाडून टाचणीवर लावली. तीन पट्ट्या मोडल्या. चौथी राहिली तिरकी."

"मग?"

"मग काय? सगळ्या प्रांतात पाचच पोरांनी 'समान' लिहिलंय, पाचही होडीवाल्यांची. उत्तर बदललं तर त्यांतली जेसामाय वर येते, आणि आताचा तिसावा मुलगा बाहेर जातो. त्याच्या बापाने डुक्कर भाजून गाव जेवू घातलंय. त्याला जाऊन सांगू, ते डुक्कर परत उभं करा? वसतिगृहात खाटा तीस आहेत, सर. तीस म्हणजे तीस." त्यांनी दुसरा कागद पुढे केला. टाईप केलेला, शिक्का मारलेला. "म्हणून मी हे करून आणलंय. एका मुलीपुरती सोय होते. वाचा तरी."

सरांनी वाचलं. 'दिवंगत फेलिसिदाद गुंबान यांच्या स्मरणार्थ, बेटावरील एका गरजू विद्यार्थिनीस या वर्षापुरती विशेष सवलतीची जागा.'

"मुलगी आत येते," पुरिंग मॅडम म्हणाल्या. "फेलीचं नाव राहतं. कोणाचंच काही जात नाही. खाटेचं बघू, गादी टाकू जमिनीवर."

 सरांनी कागद टेबलावर ठेवला.

"गरजू," ते म्हणाले. "हिला कसली गरज आहे? हिने उत्तर बरोबर लिहिलंय. सगळ्या प्रांतात हिने, आणि हिच्यासारख्या होडीत वाढलेल्या आणखी चार पोरांनी. गरजू तुम्ही आहात. तुम्हाला चूक मान्य न करता सुटायचंय, म्हणून हिला भीक घालता आणि भिकेच्या वाडग्यावर माझ्या बायकोचं नाव घालता. फेलीने आयुष्यात कोणाला गुण दान केला नाही. अर्धा सुद्धा नाही. आणि कोणाचा ठेवून घेतलाही नाही. ही पोरगी तिथे जाईल, जमिनीवर झोपेल, आणि सहा वर्षं प्रत्येक जण तिला सांगेल, तू मेलेल्या बाईच्या पुण्याईवर आलीस. जे तिचं होतं ते तिला सवलत म्हणून देता? लाज वाटू द्या जरा!"

बाहेरचे टायपिंगचे आवाज थांबले होते.

"फेली माझीही होती," पुरिंग मॅडम म्हणाल्या.

"होती. म्हणूनच सांगतोय. तुमची मैत्रीण होती तर तिचं काम पुरं करा. तिला आता चालत जाता येत नाही."

पुरिंग मॅडमनी टाईप केलेला कागद उचलला. बराच वेळ हातात धरला. मग दोनदा फाडून टोपलीत टाकला. त्यांनी उत्तरसूचीची फाईल ओढली, सतराव्या ओळीवर रेघ मारली, वर 'समान' लिहिलं, बाजूला तारीख आणि सही केली.

"सगळे पेपर पुन्हा तपासावे लागतील," त्या नाक पुसत म्हणाल्या. "यादी पुन्हा लागेल. वर्तमानपत्रात येईल. मला वरून बोलणी बसतील ती वेगळीच. आणि त्या तिसाव्या पोराचं काय करू? तो रडेल ना!"

"त्याने तुमची उत्तरसूची काढली नाही. त्याला बाहेर काढायचं नाही."

"आणि झोपवू कुठे दोघांना?"

"एक खाट कमी पडते एवढंच ना?"

"एवढंच म्हणे!"

"मॅडम, मी गेली एकोणतीस वर्षं मुलांना खाटा करायला शिकवतोय. शनिवारपर्यंत मिळेल. पण सवलत म्हणून नाही. तुमच्या कार्यालयाने रीतसर मागणीचं पत्र लिहायचं, खाली सही करायची, आणि त्यात कारण लिहायचं. उत्तर चुकलं म्हणून खाट लागते."

पुरिंग मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग रडता रडताच हसल्या. "बावीस वर्षं तिने तुम्हाला कसं सहन केलं देव जाणे."

"तिला विचारायला पाहिजे होतं."

पुरिंग मॅडमनी पुन्हा पेन उचललं. प्रश्नाचं हाताने लिहिलेलं पान त्यांच्यासमोर होतं. पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत तो नव्या उत्तरासह छापायचा होता. कोपऱ्यातल्या नावावर पेनाचं टोक ठेवून त्या थांबल्या.

"नाव काढून टाकू?" त्यांनी विचारलं. "म्हणजे कोणाला कळणार नाही कोणाचं होतं."

सरांनी पान आपल्याकडे फिरवलं. फळी डावीकडे कललेली, टेकूखाली दोन रेघा. त्यांनी ते यावेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "प्रश्न चांगला आहे. तिचाच आहे. उत्तर तेवढं बदला." मग खिशातून पेन्सिल काढली. "आणि तुमच्या खाटांचं माप सांगा. लांबी आधी. पोरगी उंच आहे."